पालखीतला खंड्या

औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याचा माग काढत आम्ही साताऱ्याजवळच्या संगम माहुलीस पोहोचलो. तेथील विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. याच माहुलीत छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या शिकारीत त्याने धन्याचे प्राण वाचवले, अशी कथा आहे. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासग्रंथात सांगतो की महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला आणि एकदा भर दरबारात जरीची वस्त्रे, दागिने व स्वतःची पगडी चढवली.

डफला हा लहरीपणा वाटला. आम्हांस त्यात कृतज्ञता दिसते. तरी प्रश्न उरतो : खंड्यास जर हवी होती काय? कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून उष्मा घालवतो. त्याला हवी सावली आणि पाणी. शेपूट पायांत घालणारा कुत्रा लाजत नसतो, भीत असतो.

महाराज १७४९ मध्ये निवर्तले. पाश्चरने रेबीजची लस माणसास प्रथम टोचली ती १८८५ मध्ये. त्यांच्या हाती जे नव्हते ते आपल्या हाती आहे : पिल्लू तीन महिन्यांचे होताच लस, पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा, वेळेवर जंताचे औषध, मांजरासही तेच. लक्षणे दिसल्यावर रेबीजपासून सुटका जवळजवळ नसतेच. कुत्र्याला टोपी घालून छायाचित्रे काढणाऱ्या घरात लसीची नोंद नसेल, तर आपण महाराजांच्या मायेचे नव्हे, केवळ पालखीचे वारस ठरतो.