अर्धी भाकरी

दिवस गेलेल्या सुनेनं काय करू नये, याची आमच्या आजीकडची यादी लांबलचक होती. पपई खायची नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही, ग्रहणात विळीला हात लावायचा नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला माझी आई गर्भार होती. काही चिरलं तर लेकराचा ओठ फाटेल, म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून तिला अंधारात बसवलं होतं. आई हे हसत सांगते. त्यानं फार काही बिघडलं नाही. घातक होता तो आजीचा दुसरा नियम: सातवा लागला की ताटात अर्धीच भाकरी.

"लेकरू बारीक असलं का बाई लवकर मोकळी होते वं," ती म्हणायची.

हे भय आलं कुठून, ते तिनंच एकदा सांगितलं. आमचं गाव घाटाखालचं, संग्रामपूर तालुक्यातलं. तिच्या थोरल्या जावेला श्रावणात कळा सुरू झाल्या. सुईणीनं रात्रभर प्रयत्न केले, पण मूल अडलं. सकाळी बैलगाडीत गोधड्या अंथरून तिला खामगावच्या वाटेला लावलं, तर वान नदीला पूर. पाणी उतरायची वाट बघत गाडी काठावरच उभी राहिली. जाऊ तिथंच गेली, पोटातल्या लेकरासकट. डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात तसाच होता, त्यातली एकही बांगडी पिचली नव्हती. हे सांगताना आजी स्वतःच्या मनगटावरून हात फिरवत राहायची.

खामगावचा कापूस मुंबईला न्यायला जलंब-खामगाव रेल्वे १८७० मध्येच आली होती. अडलेल्या बाळंतिणीला मात्र त्यानंतर कित्येक दशकं बैलगाडीच होती. डॉक्टर नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी बायकांच्या हातात उरलं काय? ताटातली भाकरी. ती त्यांनी कमी केली. मी आजीला दोष देत नाही.

पण तो उपाय उलटा होता. मूल आडवं असलं किंवा आईचं कटिर अरुंद असलं, तर भाकरी कमी करून वाट मोकळी होत नाही. उपाशी आईचं लेकरू अडीच किलोच्या आत भरतं आणि तिच्या अंगात रक्तच नसलं, तर बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो. शिवाय ज्या घरात ओटी भरून पंचपक्वान्नांचं डोहाळजेवण घालतात, त्याच घरात दुसऱ्या दिवसापासून सुनेचा घास मोजतात, हे मला आजही सहन होत नाही.

आता वानेवर पूल आहे, १०२ ला फोन केला की गाडी येते, गावात आशाताई आहे. भय मात्र घरातून गेलेलं नाही. आमच्याच नात्यातल्या एका सुनेच्या लोहाच्या गोळ्या मला पिठाच्या डब्यामागे सापडल्या, पाकिटं न फोडलेली. "त्यानं लेकरू काळं होते," सासूनं सांगितलं होतं. काळी होते ती शौच, लेकरू नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घेतली, तर ती गोळी अंगी लागते.

माझं मागणं घरातल्या थोरल्या बायांकडेच आहे, कारण सून त्यांचंच ऐकते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं सुनेला स्वतः घेऊन जा. ग्रहण पाळायचं तर पाळा, पण तिच्या ताटात पूर्ण भाकरी वाढा, वर डाळ आणि भाजी, आणि ती खाईपर्यंत जवळ बसा.