रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात वसतिगृहाचे स्थान

शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा केव्हा निघाली, तीत कोणते विषय शिकविले जात आणि तिला अनुदान कोणी दिले, या प्रश्नांभोवतीच विवेचन सामान्यतः फिरत राहते. सातारा जिल्ह्याच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. तेथे १८५३ मध्येच नगरपालिका स्थापन झाली होती. परंतु अशा गावाच्या आसपासच्या खेड्यांतील कुणब्याच्या मुलाने प्राथमिक इयत्ता संपवून पुढे शिकावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे फीच्याही आधीचा एक प्रश्न उभा राही. परगावी राहावे कोठे आणि जेवावे कोणाकडे, हा तो प्रश्न होय. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी वार लावून अथवा माधुकरी मागून जेवण्याची रूढी होती. इतर जातींच्या मुलांकरिता समाजाने अशी कोणतीही सोय ठेवलेली नव्हती.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येत असता शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांनाच होतो, असा स्पष्ट आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, तसेच शिक्षक शेतकरी वर्गातून तयार व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे शिक्षण कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा वाद मुळातच अर्थव्यवहाराचा होता.

या वादाला निवासाची बाजू जोडली ती कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची व धर्मांची वसतिगृहे निघाली. बहुजन समाजाची मुले त्यामुळे प्रथमच मोठ्या संख्येने शहरात राहून शिकू लागली. तथापि प्रत्येक जातीचे बोर्डिंग वेगळे असल्याने पंक्तिभेद मात्र कायम राहिला. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील अशाच एका बोर्डिंगचे विद्यार्थी होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहिल्यावरून त्यांना ते सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वसतिगृह जातीचे असेल तर त्यातून विद्या मिळेल, पण समाज बदलणार नाही, या त्यांच्या पुढील भूमिकेचे बीज येथे दिसते.

आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दूधगाव येथे पहिला प्रयोग झाल्यावर, १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. ज्यांच्या बोर्डिंगांतील जातिभेद येथे ओलांडला गेला, त्यांचेच नाव या वसतिगृहास मिळाले. यात विरोधापेक्षा वारशाची जाणीव अधिक आहे.

संस्थेचे नावही विचारात घेण्याजोगे आहे. ‘रयत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ भाषेत त्याचा संबंध राखण करण्याशी आहे. रयत म्हणजे राखला जाणारा कळप, आणि त्यावरून राजाची प्रजा. मराठी दफ्तरात तो सारा भरणाऱ्या कुळास लागला. दुसऱ्याने ज्याचे पालन करावयाचे, त्या वर्गाचे नाव त्याच वर्गाने चालवावयाच्या संस्थेला देणे, हा अर्थपालट सहेतुक मानावा लागतो. घरोघर मूठभर धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची योजना, अथवा मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी मंगळसूत्रासह दागिने मोडणे, यांचा विचार याच संदर्भात केला पाहिजे.

‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाची तुलना १९३७ च्या वर्धा योजनेशी नेहमी केली जाते. परंतु दोहोंत भेद आहे. वर्ध्यास हस्तोद्योग हे ज्ञानाचे माध्यम होते. साताऱ्यास श्रम हे प्रथम जेवणाचे मोल होते. मुलगा आपले अन्न आपण मिळवीत असल्यामुळे तो कोणाचा आश्रित राहत नसे. वारावरच्या जेवणात जे मिंधेपण होते, ते येथे नाहीसे झाले.

संस्थेच्या वाढीचा क्रमही हेच सांगतो. आधी वसतिगृह, नंतर १९३५ मध्ये ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. फुल्यांनी मागितलेला शेतकरी वर्गातील शिक्षक हायस्कुलाच्या आधी घडविला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. फुल्यांची मागणी त्याने कायद्यात तरी पुरी केली. परंतु चौदाव्या वर्षानंतर, नेमके गाव सोडण्याची वेळ येते तेव्हा, हा हक्क संपतो. शिक्षणाचा पाया शाळेच्या इमारतीखाली असतो, ही समजूत सातारच्या इतिहासाने खोटी ठरविली आहे. तो पाया परगावच्या ताटाखाली असतो, आणि ते ताट कोणाच्या पंगतीत मांडले जाते यावर शिक्षणाचे प्रयोजन ठरते.