मेंदूच्या आवरणांतील गांठ

ता. ७ ऑगस्ट १९२७ रोजीं बोस्टन येथें जनरल लेनर्ड वुड यांचा शस्त्रक्रियेनंतर कांहीं तासांतच अंत झाला. ते त्या वेळीं फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल होते. त्यांच्या डोक्यांतील गांठ डॉ. हार्वे कुशिंग यांनीं १९१० सालींच यशस्वी रीतीनें काढली होती. त्यानंतर वुडसाहेबांनीं अमेरिकेच्या सेनाप्रमुखाचें काम केलें, अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत दिली. आणि गांठ मात्र मुकाट्यानें पुन्हां वाढत राहिली. दुसऱ्या खेपेसहि शस्त्र कुशिंगांच्याच हातीं होतें. श्रोतेहो, सौम्य म्हणविणारी ही गांठ कोणाची परत येईल हें आधीं सांगतां येतें काय, या प्रश्नाचा इतिहास मी आज सांगणार आहें.

मेंदूवर एकावर एक अशीं तीन आवरणें असतात. त्यांपैकीं मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पडद्यांतील पेशींपासून ही गांठ उद्भवते. ती बहुधा मेंदूंत शिरत नाहीं. त्याला नुसती दाबीत राहते. बाझेलच्या फेलिक्स प्लाटर या वैद्यानें १६१४ सालीं अशा एका गांठीचें वर्णन छापलें. पुढें जो तो विद्वान तिला निराळें नांव देत राहिला, कारण तिच्या उगमाविषयीं एकमत नव्हतें. कुशिंगांनीं १९२२ सालीं तो वाद बाजूस ठेवून केवळ स्थानावरून 'मेनिन्जिओमा', म्हणजे आवरणाची गांठ, हें नांव दिलें. जें ठाऊक नाहीं तें नांवांत कोंबावयाचें नाहीं, हा त्यांतला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. १९३८ सालीं त्यांनीं लुइझ आयझनहार्ट यांच्यासह या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. या बाई प्रथम त्यांच्या लेखनसाहाय्यक म्हणून आल्या आणि मग स्वतः वैद्यक शिकून तज्ज्ञ झाल्या. ग्रंथांतील मांडणीहि कवटींतील स्थळांवरूनच आहे.

कारणाचा पहिला धागा सांपडला तो १९६७ सालीं. त्सांग व झिंगर या जर्मन संशोधकांना या गांठींच्या पेशींत एक लहानसें गुणसूत्र वारंवार हरवलेलें दिसलें. गुणसूत्रांवर रंगाचे पट्टे उमटविण्याची युक्ति हातीं आल्यावर, १९७२ सालीं, तें बाविसावें ठरलें. गुणसूत्रें जोडीनें असतात. मग जोडींतील उरलेल्यावर काय बिघडलें होतें? उत्तर दुसऱ्याच वाटेनें आलें. कांहीं घराण्यांत दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गांठी येण्याचा आनुवंशिक रोग आढळतो, आणि त्या रोग्यांपैकीं पुष्कळांना मेनिन्जिओमाहि होतो. या रोगाचें 'एनएफ२' नांवाचें जनुक १९९३ सालीं दोन संशोधक-संघांनीं स्वतंत्रपणें बाविसाव्या गुणसूत्रावर शोधून काढलें. त्याच्या प्रथिनाला एका संघानें 'मर्लिन' म्हटलें. नांव अक्षरें जुळवून केलेलें, पण इंग्रजी दंतकथांतील जादूगाराचेंहि तेंच! पेशीला पेशी टेकली कीं वाढ थांबवावयाची, या आज्ञेंत मर्लिनचा हात असतो. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या कीं 'थांब' म्हणणारा कोणी उरत नाहीं. सुमारें निम्म्या मेनिन्जिओमांची हकीकत हीच आहे.

उरलेल्यांचा उलगडा पुष्कळ अंशीं २०१३ सालीं झाला. येल विद्यापीठांतील संशोधकांच्या पुढाकारानें ३०० गांठींची तपासणी झाली. जेथें एनएफ२ शाबूत होतें, तेथें ट्राफ७, केएलएफ४, एकेटी१, एसएमओ या जनुकांत बिघाड आढळले. गंमत अशी कीं या गांठी बहुशः कवटीच्या तळाशीं, तर एनएफ२ गमावलेल्या गांठी मेंदूच्या गोलार्धांवर अधिक. कुशिंगांची स्थळांवरून केलेली विभागणी अशी रेणूंच्या भाषेंत पुन्हां वाचावयास मिळाली.

गांठ परत येण्याच्या प्रश्नाशीं याचा थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, सीडीकेएन२ए किंवा बी हीं जनुकें समूळ नाहींशीं झालीं असतील, अथवा टर्ट जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागांत ठराविक बदल झाला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखालीं सौम्य दिसणारी गांठहि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गांत गणली जाते. कोणाला किरणोपचार द्यावयाचे, कोणाची तपासणी वारंवार करावयाची, हें ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. खात्रीचें औषध मात्र अजून हातीं आलेलें नाहीं; मुख्य उपाय कुशिंगांच्या वेळचाच, शस्त्रक्रिया, आणि तिच्या जोडीला किरणें.