मूत्रपिंड आणि रक्ताचा दाब : एका विस्मृत शोधाची हकीकत

'मला ब्लडप्रेशर आहे' असें म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे आतां घरोघर पडला आहे. वस्तुतः ज्याला रक्तदाब नाहीं तो मनुष्य जिवंतच असावयाचा नाहीं. बोलणाराच्या मनांत असतें तें इतकेंच कीं, हा दाब असावा त्याहून अधिक आहे. अशा गृहस्थास या विकाराचें मूळ कोठें, असें विचारलें तर तो छातीवर हात ठेवील, फार तर कपाळावर. पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस असलेल्या मूत्रपिंडांकडे त्याचें बोट जाणार नाहीं. याबद्दल त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. वैद्यकशास्त्राचें बोट देखील तिकडे वळण्यास फार काळ लागला, आणि एकदां वळलें असतां तें पुन्हां मागें घेतलें गेलें.

लंडन येथील गाय्स हॉस्पिटलांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८३६ सालीं मूत्रपिंडांच्या विकाराच्या शंभर रोग्यांचा तपशीलवार तक्ता प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर शरीरें तपासतां त्यांना असें आढळलें कीं, मूत्रपिंडें आकसून टणक झालेलीं आणि हृदय मात्र वाढलेलें, असें पुष्कळ ठिकाणीं एकत्र दिसतें. बिघडलेल्या रक्तामुळें हृदयास अधिक जोर करावा लागत असावा, असा तर्क त्यांनीं केला. त्यापुढें जाण्यास साधन नव्हतें. दंडास रबरी पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याचें सोपें यंत्र इटलींतील तुरिन येथें रिवा-रोच्ची यांनीं तयार केलें, तें १८९६ सालीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्यें एक प्रयोगमालिका सुरू झाली. रॉबर्ट टिगरस्टेड्ट हे तेथें शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक होते, जन्मानें फिनलंडचे. पेर गुस्ताफ बर्गमन हा त्यांचा तरुण विद्यार्थी. अवयवांचे अर्क काढून टोंचण्याचें त्या काळीं विद्वानांना वेडच लागलें होतें म्हणा ना! पॅरिसच्या ब्राउन-सेकार्ड या वृद्ध शास्त्रज्ञानें १८८९ मध्यें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेऊन तारुण्य परत आल्याचें जाहीर केलें, तेव्हां लोक हंसले. परंतु शरीरांतील ग्रंथि थेट रक्तांत कांहीं द्रव्यें सोडीत असाव्यात, ही कल्पना त्या हंशाबरोबर उडून गेली नाहीं. पुढें पांचसहा वर्षांच्या आंतच ऑलिव्हर व शेफर यांनीं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कानें रक्तदाब चढतो हें सिद्ध केलें. तेव्हां खुद्द मूत्रपिंडाचा अर्क काय करतो हें पाहावें, असें टिगरस्टेड्ट यांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्यांनीं सशाचीं मूत्रपिंडें कुटून थंड पाण्यांत त्यांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या सशाच्या मानेंतील शिरेंत सोडला. दाब चढला. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा अर्क तेवढा गुणकारी, आंतील गाभ्याचा अर्क निष्फळ. अर्क उकळला तर त्याचा गुण नष्ट होतो. मूत्रपिंडांतून परत जाणारें रक्त, ज्याचीं मूत्रपिंडें काढून टाकलीं आहेत अशा सशास दिलें तरीहि दाब वाढतो. म्हणजे हें द्रव्य प्रयोगशाळेंत नव्यानें उत्पन्न झालेलें नसून जिवंत मूत्रपिंड तें रक्तांत सोडीत असलें पाहिजे. मूत्रपिंडास लॅटिन भाषेंत 'रेन' म्हणतात, त्यावरून त्यांनीं या द्रव्यास 'रेनिन' असें नांव दिलें. १८९८ सालीं त्यांचा जर्मन भाषेंतील निबंध प्रसिद्ध झाला. ब्राइट यांनीं पाहिलेल्या वाढलेल्या हृदयाचा उलगडा या द्रव्यानें होऊं शकेल, ही सूचनाहि त्यांत होती.

आणि मग कांहींच झालें नाहीं. इतरांनीं प्रयोग करून पाहिले ते कोणास साधले, कोणास साधले नाहींत. अर्क काढण्याच्या रीति निरनिराळ्या होत्या. टिगरस्टेड्ट लवकरच हेलसिंकी येथील विद्यापीठांत गेले व दुसऱ्या विषयांत रमले. बर्गमन वैद्यकीचा व्यवसाय करूं लागला. निबंध ग्रंथालयांत राहिला. शोध लावणाऱ्यानेंच पाठ फिरवावी, आणि तीहि कसलाहि वाद न होतां, याचें मला अजून आश्चर्य वाटतें.

या मधल्या काळांत रोग्यांचें काय होत होतें? ज्या वाढलेल्या दाबाचें कारण सांपडत नसे त्यास 'इसेन्शियल' म्हणत. हा शब्द पुढें फार नडला. कारण अज्ञात आहे एवढाच त्याचा आशय. परंतु अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्यास असा दाब आवश्यकच आहे, तो उतरवूं नये, असें मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. उतरवावा म्हटलें तरी उपाय तोकडे. मार्च १९४४ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना डॉ. हॉवर्ड ब्रून यांनीं तपासलें तेव्हां दाब १८६ वर १०८ होता. विश्रांति, अळणी अन्न, डिजिटॅलिस, यापलीकडे त्यांच्याजवळ फारसें कांहीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन अध्यक्ष कोसळले, त्या वेळीं आंकडा ३०० वर १९० असा होता. पृथ्वींतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाची ही स्थिति, मग इतरांची कथा काय! (आपल्या मुंबईंतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा गुण इंग्रजी वैद्यकीय मासिकांतून जगापुढें मांडला तो १९४९ मध्यें. तो मार्ग अगदीं निराळा, आणि त्याची हकीकतहि स्वतंत्र लेखाची.)

मूत्रपिंडाकडे लक्ष पुन्हां वळविलें तें क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनीं. हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे मृत शरीरांवरून रोग ओळखणारे. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झालेल्या त्यांना वारंवार दिसत. इतर विद्वान म्हणत, दाबामुळें रोहिण्या अरुंद होतात. गोल्डब्लाट यांना वाटलें, उलट कां नसावें? त्यांनीं चांदीचा एक लहानसा चिमटा बनविला आणि कुत्र्यांच्या त्या रोहिणीवर बसवून स्क्रूनें हळूहळू आवळला. एका बाजूचीच रोहिणी आवळली तर दाब कांहीं काळ चढे व उतरे. दोहों बाजूंच्या आवळल्या तर चढलेला दाब चढलेलाच राही. मूत्रपिंडाच्या मज्जातंतु तोडल्या तरी फरक पडेना. १९३४ सालीं हें प्रसिद्ध झालें आणि छत्तीस वर्षांपूर्वीच्या रेनिनची लोकांस आठवण झाली.

या शोधाची एक काळी बाजूहि आहे. एक मूत्रपिंड बिघडलेलें दिसलें कीं तें काढून टाकावें, म्हणजे रक्तदाब जाईल, अशी घाई शस्त्रवैद्यांना झाली. पुढें होमर स्मिथ यांनीं अशा शेंकडों रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हां सुमारे चौथा हिस्साच लोकांस गुण आल्याचें दिसलें. बाकीच्यांनीं एक अवयव गमावला, दाब तसाच राहिला.

रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळीत नाहीं, हें कोडें दोन ठिकाणीं एकाच सुमारास सुटलें. ब्वेनोस आयरेसमध्यें ओउसाय यांच्या संस्थेंत ब्राउन-मेनेन्देस, लेलोइर, फासिओलो व मुन्योस. इंडियानापोलिसमध्यें अर्व्हाइन पेज व हेल्मर. रेनिन हें एक एन्झाइम असून तें रक्तांतील एका प्रथिनाचा तुकडा तोडतें, आणि त्या तुकड्यापासून खरें आवळणारें द्रव्य मिळतें, असें १९३९-४० मध्यें दोघांनींहि सांगितलें. एकांनीं त्यास 'हायपरटेन्सिन' म्हटलें, दुसऱ्यांनीं 'अँजिओटोनिन'. आणि जवळजवळ वीस वर्षें एकाच वस्तूला दोन नांवें चाललीं. अखेर १९५८ मध्यें ब्राउन-मेनेन्देस व पेज यांनीं आपआपल्या शब्दाचा अर्धा भाग सोडून 'अँजिओटेन्सिन' हें नांव ठरविलें. इतका समजूतदारपणा विद्वानांच्या भांडणांत क्वचितच आढळतो. पुढच्याच वर्षीं ब्राउन-मेनेन्देस विमानाच्या अपघातांत दगावले.

दरम्यान साखळीचे बाकीचे दुवे सांपडत होते. स्केग्स यांनीं दाखविलें कीं, रेनिन दहा अमायनो आम्लांचा तुकडा तोडतें. तो जवळजवळ निरुपद्रवी असतो. दुसरें एक एन्झाइम त्यांतील दोन आम्लें छाटतें, तेव्हां उरलेला आठांचा तुकडा जालीम होतो. १९५३ मध्यें लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनीं स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांच्या साह्यानें अधिवृक्क ग्रंथींतील अल्डोस्टेरोन हा स्राव वेगळा काढला होता. अँजिओटेन्सिन या ग्रंथीस तो स्राव सोडावयास लावतें, हें १९६० मध्यें स्पष्ट झालें. अल्डोस्टेरोनमुळें मूत्रपिंड मीठ राखून ठेवतें व मिठाबरोबर पाणी राहतें. म्हणजे एकीकडून नळी आवळली जाते व दुसरीकडून आंतील पाणी वाढतें. जखमेंतून रक्त वाहून गेलेल्या प्राण्यास हीच युक्ति तारते. मात्र अरुंद रोहिणीमुळें मूत्रपिंडास रक्त कमी मिळालें, तर सगळ्या शरीरांतच रक्त उणें झालें आहे असा त्याचा ग्रह होतो, आणि तें तारण्याच्या खटपटीनेंच मारूं लागतें.

यावरचें औषध आलें तें सापाच्या विषांतून. ब्राझीलमधील जराराका साप चावला असतां रक्तदाब एकाएकीं उतरतो. त्या विषामुळें रक्तांत 'ब्रॅडिकायनिन' हें द्रव्य उत्पन्न होतें, असें रोशा इ सिल्व्हा यांनीं १९४९ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. त्यांचे शिष्य सेर्जिओ फेरेइरा यांनीं १९६५ मध्यें दाखविलें कीं, ब्रॅडिकायनिन टिकवून धरणारा एक अंशहि विषांत आहे. हा अंश घेऊन ते इंग्लंडला गेले. लंडनमध्यें जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेंत त्यांचे सहकारी बखले (हें नांव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल) कुत्र्याच्या फुफ्फुसांतील दोन आम्लें छाटणाऱ्या त्या एन्झाइमवर काम करीत होते. सापाच्या विषांतील अंशानें तें एन्झाइम थांबतें, असें त्यांना आढळलें.

स्क्विब कंपनींतील कुशमन व ब्वेनोस आयरेसचेच ओंडेट्टी यांनीं विषांतील गुणकारी तुकडा कृत्रिम रीत्या बनविला. त्यानें माणसांचा दाब उतरला, पण तो टोंचावा लागे, गिळला तर पोटांत पचून जाई. एन्झाइमच्या पोटांत जस्ताचा अणु असतो, त्याला पकडील असा लहान रेणु त्यांनीं पुढें बेतून काढला. तो कॅप्टोप्रिल. त्याची वार्ता १९७७ मध्यें प्रसिद्ध झाली. गोल्डब्लाट त्याच वर्षाच्या जानेवारींत वारले होते. १९८१ मध्यें अमेरिकेंत औषधास परवानगी मिळाली.

या जातीचीं औषधें आज कोणत्याहि औषधांच्या दुकानांत मिळतात. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अरुंद असलेल्या रोग्यास, म्हणजे गोल्डब्लाट यांच्या कुत्र्यांप्रमाणें ज्याची स्थिति आहे त्यास, तीं दिलीं तर मूत्रपिंडें एकाएकीं थकतात; म्हणून औषध सुरू केल्यावर डॉक्टर आठपंधरा दिवसांनीं रक्त तपासावयास सांगतात. आणि कित्येकांना त्यानें कोरडा खोकला लागतो, तो कोणत्याहि काढ्यानें जात नाहीं. अँजिओटेन्सिन बनविणारें एन्झाइमच ब्रॅडिकायनिन मोडीत असतें. तें थांबलें कीं ब्रॅडिकायनिन सांचतें, आणि तोच या खोकल्याचा उगम मानला जातो. औषध बदललें कीं कांहीं दिवसांत खोकला थांबतो.