निर्गुडी, रास्ना व वेदनाशमनाची परीक्षा

पन्हाळा तालुक्यांतील वारणानगर येथें तात्यासाहेब कोरे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. औषधनिर्माणाच्या या शास्त्रांत वनस्पतींच्या अर्कांची वेदनाशामक शक्ति उंदरांवर पाहण्याच्या कांहीं रीती रूढ आहेत. त्यांचा जुन्या वैद्यकीय बाडांशीं काय संबंध, एवढेंच या टिपणांत पाहावयाचें आहे.

रीती मुख्यतः दोन. पहिलींत उंदराच्या उदरांत सौम्य असेटिक आम्ल टोंचून, त्याला ठराविक वेळांत किती आळेपिळे येतात तें मोजतात. अर्क आधीं पाजला असतां ते कमी झाल्यास अर्क गुणकारी समजावयाचा. दुसरींत सुमारें ५५ अंश तापलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवून तो पंजा केव्हां चाटतो हें पाहतात. ही रीत वुल्फ व मॅक्डोनल्ड यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केली. दोहींत अर्क न दिलेले व परिचित औषध दिलेले उंदीर तुलनेस असतात.

आतां निर्गुडी घेऊं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत 'नेगुंडो' या नांवानें तिचें वर्णन केलें असून ती वेदनांवर उपयोगी म्हटली आहे. लिनियसनें १७५३ सालीं तेंच नांव शास्त्रीय नामांत घेतलें. तिच्या पानांच्या मद्यार्कानें उंदरांचे आळेपिळे कमी होतात, असें जम्मूच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. नांवाची परंपरा अखंड असल्यामुळेंच हे दोन दूरचे पुरावे परस्परांशीं ताडतां येतात.

रास्नेची गोष्ट निराळी. वातव्याधींवर ती सर्वत्र सांगितली आहे. परंतु रास्ना म्हणून उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा, बंगाल्यांत वृक्षांवर वाढणारा वांडा, तर दक्षिणेंत कुलंजनाचा कंद वापरतात. मग बाडांतील 'रास्ना' एवढाच शब्द घेऊन केलेल्या प्रयोगानें कोणत्या पाठाची परीक्षा झाली? शिवाय बाडांत काढा सांगितला असतां मद्यार्क घेतल्यास त्यांत उतरणारीं द्रव्यें भिन्न होतात. अशा प्रयोगांस १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याचें नियंत्रण आहे. परंतु चुकीच्या वाचनामुळें मुक्या जीवास झालेली व्यर्थ पीडा कायद्यानें टळणारी नव्हे. ती वाचकानेंच टाळावयाची आहे.

तरी बाडांच्या संग्राहकांस विनंति अशी कीं, वैद्यकीय बाड हातीं आल्यास तें कोणत्या गांवचें, केव्हां नकललेलें, समासांत वनस्पतीचें स्थानिक नांव कोणतें, अंग कोणतें, काढा कीं तेल, मात्रा किती, हें सर्व टिपून ठेवावें. निव्वळ योगाचें नांव उतरून घेणें पुरेसें नाहीं. प्रयोगशाळेनें गुण तपासावा. पण तो कोणत्या झाडाचा, हा निर्णय प्रथम पोथीच्या पानावरच व्हावयास पाहिजे.