पियर रॉबिन यांचें नांव व मान

जन्मतः मागें सरलेली लहान हनुवटी, घशाकडे पडणारी जीभ व बहुधा दुभंगलेली टाळू, या विकृतीस पियर रॉबिन या फ्रेंच मुखरोगतज्ज्ञाचें नांव आहे. परंतु लानलोंग व मेनार यांनीं तशीं अर्भकें १८९१ मध्येंच नोंदिलीं होतीं. मग रॉबिन यांचें श्रेय कोणतें? पडलेली जीभच श्वास कोंडते, व श्वासासाठीं झगडणाऱ्या मुलास दूध गिळवत नसल्यानें तें झुरतें, हा कार्यकारणभाव त्यांनीं १९२३ पासून आग्रहानें मांडिला. उपायांचा रोखही याच कारणावर आहे: मुलास पालथें निजविणें, डग्लस यांनीं १९४६ मध्यें वर्णिल्याप्रमाणें जीभ ओठाशीं सांधणें, किंवा मॅकार्थी यांनीं १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रीतीनें जबड्याचें हाड हळूहळू लांबविणें. सबब प्रथम नोंदीचा मान लानलोंग-मेनार यांस देऊनही, रॉबिन यांचें नांव आम्हांस अयोग्य वाटत नाहीं.