केनिया : खासगी माहिती आणि जनतेच्या हरकती

कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर ‘हरकती व सूचना’ मागविण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. पूर्व आफ्रिकेतील केनियात हा केवळ उपचार नसून घटनात्मक बंधन आहे. २०१० मध्ये अमलात आलेल्या तेथील राज्यघटनेच्या दहाव्या कलमात लोकसहभागाची गणना राष्ट्रीय मूल्यांमध्ये केली आहे. कलम ११८ नुसार कायदे करताना जनतेला सहभागी करून घेणे संसदेवर बंधनकारक आहे, तर कलम ३१ प्रत्येक व्यक्तीला खासगीपणाचा हक्क देते.

या तरतुदींची कसोटी लागली ती ‘हुदुमा नाम्बा’ योजनेमुळे. स्वाहिली भाषेत याचा अर्थ ‘सेवा क्रमांक’. सर्व रहिवाशांची माहिती एकत्र करण्यासाठी २०१८ मध्ये व्यक्तिनोंदणी कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. तीत बोटांच्या ठशांबरोबरच डीएनए आणि निवासस्थानाचे जीपीएस स्थान नोंदविण्याचीही मुभा होती. अनेक कायद्यांतील किरकोळ दुरुस्त्यांच्या एकाच विधेयकात ही तरतूद समाविष्ट केल्याने लोकांना मत मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असा आक्षेप घेऊन ‘न्यूबियन राइट्स फोरम’सह काही संस्था उच्च न्यायालयात गेल्या. ब्रिटिश राजवटीत सुदानातून आणलेल्या सैनिकांचे वंशज असलेल्या न्यूबियन समाजाला ओळखपत्रासाठी वर्षानुवर्षे वेगळ्या चौकशीला तोंड द्यावे लागले होते. नव्या क्रमांकाअभावी सरकारी सेवाच बंद होतील, ही त्यांची भीती होती.

न्यायालयाने ३० जानेवारी २०२० रोजी निकाल दिला. लोकसहभागाविषयीचा आक्षेप मान्य झाला नाही. मात्र डीएनए व जीपीएसची तरतूद घटनाबाह्य ठरली आणि पुरेशी नियामक चौकट उभारल्याशिवाय योजना पुढे नेता येणार नाही, असे बजावण्यात आले. या निकालात भारतातील ‘आधार’ खटल्याचीही चर्चा आहे.

दरम्यान, नोव्हेंबर २०१९ मध्ये माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला व वर्षभराने पहिल्या माहिती आयुक्त इमॅक्युलेट कसाइट यांनी पदभार स्वीकारला. नागरिकांच्या हक्कांना मोठा धोका संभवत असल्यास माहिती हाताळण्यापूर्वी परिणामांचे मूल्यमापन करणे या कायद्याने सक्तीचे केले. ते न केल्यामुळेच ऑक्टोबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने हुदुमा कार्डांचे वितरण अवैध ठरविले. २०२३ मध्ये डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेऊन मोबदल्यात आभासी चलन देणाऱ्या ‘वर्ल्डकॉइन’चे काम सरकारने थांबविले, मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती माहिती नष्ट करण्याचा आदेश दिला.

संपूर्ण खंडासाठी आफ्रिकी संघाने २०१४ मध्ये मलाबो येथे करार संमत केला. पंधरा देशांच्या अनुमोदनाची अट पूर्ण होऊन तो अमलात येण्यास ८ जून २०२३ उजाडले.

केनियातील अनुभव बोलका आहे. मसुद्यावर सूचना मागविल्या म्हणजे जनतेचे मत विचारात घेतले गेलेच, असे नाही. कायदा झाल्यानंतरही नागरिकांना दाद मागता येणे, हाच लोकसहभागाचा खरा आधार ठरतो.